माहेरी गेलेल्या नोंदी

आमच्या डॉक्टरबाईंनी मला तीन एडिटर दिले आणि पंधरा दिवस दिले. म्हणाल्या, "यातला एक निवडा. लातूरला आणि नांदेडला, दोन्हीकडे तोच वापरायचा. मला त्यातलं कळत नाही, तुम्ही म्हणाल तो घेऊ." एवढा विश्वास टाकला की माणसाला बरं वाटतं. मलाही वाटलं, दोन दिवस.

मी लातूरला एका ट्रस्टच्या प्रसूती रुग्णालयात डेटाबेस सांभाळते. आमची एक शाखा नांदेडला आहे आणि दोन्हीकडच्या नोंदी माझ्या खोलीतल्या सर्व्हरवर येऊन पडतात. बाहेर कोणी विचारलं तर मी "दवाखान्यात कॉम्प्युटरवर असते" एवढंच सांगते, कारण त्यापुढे सांगायला गेलं की लोक घरचा प्रिंटर बघायला बोलावतात. तपासणीला आलेल्या प्रत्येक बाईची नोंद तक्त्यात जाते. कोणाला काही माहिती हवी असली की मी क्वेरी लिहिते, म्हणजे त्या तक्त्यांना त्यांना कळेल अशा भाषेत प्रश्न विचारते. ज्या खिडकीत बसून हा प्रश्न लिहायचा तिला एडिटर म्हणतात. माझा एडिटर नऊ वर्षांचा म्हातारा झाला होता. नवे जे येत होते ते सगळे पोटात एआय घेऊनच येत होते. तुम्ही साध्या मराठीत विचारायचं, क्वेरी तो लिहिणार.

मला हे मनापासून आवडलेलं नव्हतं. माझं वाक्य मधेच पुरं करणारी माणसंसुद्धा मला चालत नाहीत, आणि इथे तर यंत्र. शिवाय नऊ वर्षं जे हाताने केलं ते कोणीतरी चार सेकंदांत करून दाखवणार, यात आनंद मानावा असं काय आहे? पण डॉक्टरबाईंचं म्हणणंही बरोबर होतं. मी रजेवर गेले की नांदेडहून साधी यादी मागितली तरी चार दिवस अडायची. उद्या माझं काही बरंवाईट झालं तर दोन दवाखाने एका बाईच्या डोक्यातल्या क्वेऱ्यांवर लटकून राहणार होते.

पेशंटचं नाव बाहेर जाता कामा नये, ही त्यांची एकच अट होती. म्हणून मी आधी डेटाबेसची एक प्रत काढली, त्यातली नावं आणि फोन पुसून टाकले, आणि तिन्ही एडिटर त्या प्रतीलाच जोडले. त्यातला एआय बाहेर काय पाठवतो हे बघण्यात दोन दिवस गेले. सेटिंग नीट लावली की तिघेही फक्त तक्त्यांची आणि रकान्यांची नावं पाठवत होते, आतल्या नोंदी आमच्याकडेच राहत होत्या. इथवर तिघेही पास.

मग मी त्यांना नावं ठेवली. पहिला घाईवाला. विचारायचा अवकाश, क्वेरी लिहून चालवून उत्तर समोर. दुसरा होयबा. त्याला मी मुद्दाम म्हटलं की तू चुकलास, तर लगेच "तुमचं बरोबर आहे" म्हणाला आणि बरोबर असलेली क्वेरी चुकीची करून दिली. अशी दोन-तीन माणसं आमच्या नात्यात आहेत, त्यामुळे तो लगेच ओळखू आला. तिसरा दिसायला साधा, चालायला मंद, आणि प्रत्येक वेळी काहीतरी विचारणारा. त्याचं नाव चौकशीवाला.

परीक्षेला मी माझी स्वतःची यादी घेतली. दर महिन्याला मी ती काढते आणि दवाखान्यात माझा सगळ्यांत जास्त जीव तिच्यातच अडकलेला असतो. आईचा रक्तगट निगेटिव्ह असला आणि बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, तर बाळंतपणानंतर तीन दिवसांच्या आत आईला एक इंजेक्शन द्यावं लागतं. नाही दिलं तर त्या बाळाला काही होत नाही. होतं ते पुढच्याला. आईचं रक्तच पुढच्या बाळाच्या रक्ताशी भांडायला लागतं. म्हणून पुढच्या तीस दिवसांत बाळंत होणाऱ्या निगेटिव्ह बायांची यादी मी काढायची आणि आमच्या सिस्टर एकेकीला फोन करून सांगायच्या की बाई, कुठेही बाळंत हो, पण तीन दिवसांत ते इंजेक्शन घे.

घाईवाल्याने यादी दिली. तेवीस जणी. माझीही त्या महिन्याची यादी तेवीसचीच होती. मी त्याची क्वेरी उघडून बघितली तर माझ्यासारखीच, अगदी अटींचा क्रमसुद्धा माझाच. माझ्या जुन्या साठवलेल्या क्वेऱ्या वाचून तो शिकला होता. खोटं कशाला बोलू, मला गुदगुल्या झाल्या. होयबाचीही तेवीस. चौकशीवाल्याने मात्र यादी द्यायच्या आधी विचारलं, "जुन्या क्वेरीत 'बंद' नोंदी सोडलेल्या दिसतात. त्या इथेही सोडायच्या का? त्यांतल्या काहींची बाळंतपणाची तारीख अजून पुढे असू शकते. आधी मोजून पाहू का?"

आता माझ्याच दवाखान्यात, माझ्याच तक्त्यांबद्दल मला कोणी असं विचारलं की माझा पारा चढतो. मी लिहिलं, "जुन्या क्वेरीप्रमाणेच कर." त्याने निमूटपणे केलं. तेवीस. मी माझ्या कागदावर त्याच्यापुढे लिहिलं: फार विचारतो, वेळ खातो. आणि घाईवाल्यापुढे बरोबरची खूण केली. निवड झाली होती. पंधरापैकी नऊ दिवस शिल्लक होते आणि मी चहा प्यायला कँटीनमध्ये गेले.

चहा पिताना ते वाक्य काही डोक्यातून जाईना. "बंद" नोंद म्हणजे काय, हे मीच पहिल्या वर्षी ठरवलं होतं. तेव्हा सिस्टरांची तक्रार असायची की फोन करावा तर बाई दुसऱ्या डॉक्टरकडे गेलेली असते आणि वर घरचे आपल्यालाच झापतात. म्हणून मी एक नियम लिहिला. सलग पंचेचाळीस दिवस बाई तपासणीला आली नाही की तिची नोंद आपोआप बंद, आणि बंद नोंद यादीत येणार नाही. शेवटच्या महिन्यांत तपासणी दर पंधरवड्याला असते, त्यामुळे दीड महिना न येणारी बाई आपली राहिली नाही, हा हिशेब सरळ होता. फोन कमी झाले, तक्रारी थांबल्या, माझं कौतुकही झालं.

पण आमच्याकडे पहिलटकरीण सातव्या महिन्यात ओटी भरून माहेरी जाते. औशाची असो, उदगीरची असो, पहिलं बाळंतपण आईकडेच. तिला सासरच्या गावचा डॉक्टर नको झालेला नसतो, ती फक्त आईच्या घरी गेलेली असते. हे मला कोणी शिकवायला हवं होतं का? मी स्वतः पहिल्या वेळी लातूरहून भोकरला, माझ्या माहेरी जाऊन तीन महिने बसले होते. माझ्या आईने मला अंगणसुद्धा झाडू दिलं नव्हतं. त्यानंतर दोनच वर्षांनी मी तो नियम लिहिला आणि तो लिहिताना मला स्वतःची आठवणसुद्धा झाली नाही. कॉम्प्युटरपुढे बसले की मी बहुतेक पुण्याची होत असेन.

कप तसाच ठेवून मी वर आले. चौकशीवाल्याची खिडकी उघडीच होती. मी लिहिलं, "मोज." त्याने क्वेरी लिहिली, दाखवली आणि थांबला. चालवायचं बटण मीच दाबायचं होतं. दाबलं. निगेटिव्ह रक्तगट, नोंद बंद, आणि बाळंतपण येत्या तीस दिवसांत किंवा गेल्या आठ-दहा दिवसांत: सात जणी.

नियम नऊ वर्षांचा होता.

प्रतीत नावं नव्हती. सात नोंदींचे क्रमांक घेऊन मी खऱ्या डेटाबेसमधून नावं काढली, कागदावर उतरवली आणि थेट आमच्या जुन्या सिस्टरच्या घरी गेले. निगेटिव्ह बायांचे फोन नऊ वर्षं त्याच करत होत्या. गुडघ्याचं ऑपरेशन झाल्यामुळे त्या अडीच महिन्यांपासून रजेवर होत्या आणि त्यांच्या जागी दुसरी सिस्टर माझ्या यादीवरून फोन करत होती. त्या खुर्चीत पाय स्टुलावर ठेवून बसल्या होत्या. मी धापा टाकत सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि शेजारच्या पलंगावरच्या उशीखालून एक लांबट वही काढली.

"वाचा नावं," त्या म्हणाल्या.

मी वाचत गेले आणि त्या वहीतल्या ओळीवर बोट ठेवत गेल्या. "हाय. हाय. हिला परवाच फोन केला. हाय." वहीत प्रत्येकीचं माहेरचं गाव, बापाचं नाव आणि भावाचा फोन होता. बाई माहेरी जायला निघाली की तिच्या शेवटच्या तपासणीला सिस्टर एवढं लिहून घेत. मग माझी यादी आली की त्यात वहीतल्या मिळवून फोन करत. आत्ताही त्या पलंगावरून फोन करत होत्या.

"सिस्टर, नऊ वर्षं तुम्ही हे करताय?"

"मग? त्या कुटं जातील? तुमच्या लिस्टीत येत न्हाईत म्हनून त्यांचा गट बदलतो का?"

"मला एकदा सांगायचं तरी!"

"सांगितलं व्हतं की पयल्या साली. तुमी म्हनल्या, सिस्टम बरोबर हाय, बाया दुसरीकडं गेल्या. म्हनलं जाऊ द्या. तुमाला वाटायचं मी तुमच्या कामात खोड्या काढून राहिले. वही तर माझी हाय, मी लिवते."

मला ते आठवत नाही. पण हे वाक्य माझंच आहे, यात शंका नाही.

सहा नावं वहीत सापडली. सातवं सापडलं नाही. ती बाई शेवटची तपासणीला आली ती सिस्टर रजेवर गेल्यानंतर, म्हणून तिचं माहेर कोणी लिहूनच घेतलं नव्हतं. आमच्या नोंदीत गाव औशाजवळचं आणि फोन एका दिराचा. मी तिथूनच फोन लावला. सिस्टरने स्पीकर लावायची खूण केली.

"भाऊ, लातूरच्या दवाखान्यातून बोलते. तुमच्या वहिनी कुठे आहेत?"

"वहिनी म्हायेरी हायत. तिकडं, इस्लापूरला. काय झालं?"

"बाळंत झाल्या का?"

"हाव! परवा सांजच्याला पोरगी झाली. गाडी यायच्या आदीच झाली, घरीच. दोघी बी लई छान हायत, फिकीर करू नका."

"दवाखान्यात दाखवलं का नंतर?"

"न्हाई बा. दाखवायचं काय, ठीक हायत म्हनल्यावर?"

"आणि तिची फाइल? रिपोर्ट?"

"ते हितंच हाय. कपाटात जपून ठिवलंय."

फाइल औशाला आणि बाई इस्लापूरला. तिचा रक्तगट तिकडे कोणाला माहीतच नव्हता. परवा संध्याकाळ म्हणजे उद्या संध्याकाळी तीन दिवस पुरे होत होते. सिस्टरने तेवढ्यात बोटांवर मोजून मला एक बोट दाखवलं. दिराकडून तिच्या भावाचा नंबर घेतला. भाऊ शेतात होता, पण फोन उचलला. मी त्याला सांगितलं की आज घरीच थांबा, नांदेडहून आमची माणसं येतायत. तो घाबरला आणि म्हणाला, "काय डेंजर हाय का?" मी काही बोलायच्या आत सिस्टरने माझ्या हातातून फोन घेतला.

"डेंजर काय न्हाई, दादा. येक सुई द्यायचीय तुमच्या बहिनीला. पुढच्या लेकरासाठी. चहा ठिवा फक्त."

नांदेडच्या शाखेतून एक सिस्टर आणि लॅबवाले, दोघे बर्फाच्या डब्यात इंजेक्शन घेऊन साडेबाराला निघाले. आधी बाळाचा रक्तगट बघायचा आणि पॉझिटिव्ह निघाला तर इंजेक्शन द्यायचं. भोकरपर्यंतचा रस्ता मला तोंडपाठ आहे, त्यामुळे आत्ता ते कुठे असतील याचा मी उगाच अंदाज करत बसले. भोकरच्या पुढे गेल्यावर त्यांचा फोन लागेना. मी माझ्या खोलीत परत आले होते. काही काम सुचत नव्हतं. चौकशीवाला स्क्रीनवर विचारत होता, "आणखी काही मोजायचे आहे का?" मी ती खिडकी बंद केली. त्या दुपारी कोणाचंच काही चांगलं वाटण्याच्या मनःस्थितीत मी नव्हते.

सव्वाचारला फोन आला. नांदेडची सिस्टर म्हणाली, "बाळाचा पॉझिटिव्ह निघाला, म्याडम. दिलं इंजेक्शन. आई बी बरी हाय. आता आम्हाला जेवल्याबिगर सोडून नाही राहिले." मी ठीक आहे म्हटलं, फोन ठेवला आणि दार लोटून घेऊन पोटभर रडले. मग तोंड धुऊन डॉक्टरबाईंकडे गेले.

त्यांना सगळं सांगितलं, नियम कोणी लिहिला तेही. मी मनात उत्तरं तयार ठेवली होती: तेव्हा सगळ्यांनाच फोन कमी हवे होते, तुम्हीच कौतुक केलं होतं, वगैरे. त्यांनी त्यातलं काहीच विचारलं नाही. विचारलं ते एवढंच, "मग तिसरा सगळ्यांत हुशार आहे का?"

"नाही," मी म्हटलं. "काल त्याने आपल्याकडे नसलेलाच रकाना वापरून क्वेरी लिहिली, वर अगदी ठासून. हुशार पहिला आहे. मी नऊ वर्षं करत होते ती चूक तो चार सेकंदांत करतो."

"मग कोणता घ्यायचा?"

"तिसरा. तो चुकतो, पण चालवायच्या आधी थांबतो. मला थांबवणारं कोणीतरी पाहिजे."

हे शेवटचं वाक्य तोंडातून कसं गेलं कोण जाणे. डॉक्टरबाईंनी मान हलवली आणि कागदावर सही केली.

नियम त्याच दिवशी काढून टाकला. नोंदीत नवे रकाने घातले: माहेरचं गाव, माहेरचा फोन. पहिल्याच तपासणीला ते विचारायचं ठरलं. काउंटरवरच्या मुलींनी कुरकुर केली की बाया म्हणतात, आत्ताच कशाला माहेरची चौकशी, अजून तर तिसरा महिना आहे. मी म्हटलं, विचारा. नांदेडच्या सिस्टरने रकाना भरायचा आहे म्हणून स्वतःच्याच माहेरचं गाव घालून एक खोटी नोंद करून बघितली आणि ती पुसायला विसरली. तीही मी पुढे कधीतरी पुसली.

जुन्या सिस्टरकडे अशा एकूण तीन वह्या निघाल्या. त्या मी घरी नेल्या आणि दुपारच्या सुट्टीत, रविवारी, अशा करत महिनाभरात स्वतः टाइप केल्या. दुसऱ्या कोणाला द्यायचा मला धीर झाला नाही. अक्षर वळणदार होतं, काही ओळींपुढे बरोबरच्या बारीक खुणा होत्या आणि काहींपुढे "मुलगा", "मुलगी", "साखर वाटली" असं लिहिलेलं होतं. वहीत शेकड्यांनी बाया होत्या. माझ्या दृष्टीने त्या सगळ्या बंद होत्या.

टाइप झाल्यावर मला जे विचारायचं होतं ते विचारायला मी आठवडा लावला. मग एका सकाळी चौकशीवाल्याला लिहिलं, "नऊ वर्षांतल्या निगेटिव्ह रक्तगटाच्या ज्या नोंदी बाळंतपणाआधी बंद झाल्या, आणि ज्या या वह्यांमध्ये नाहीत, आणि ज्यांनी इंजेक्शन घेतल्याची कुठेच नोंद नाही, त्या दाखव." त्याने लांबलचक क्वेरी लिहिली. कोणती अट कशासाठी, ते खाली साध्या मराठीत लिहिलं आणि थांबला. मी ती दोनदा वाचली. या वेळी तिच्यात चूक असावी असं मला फार वाटत होतं. ती बरोबर होती. मी बटण दाबलं.

चार जणी निघाल्या.

एवढी वर्षं आणि चारच, असंही कोणी म्हणेल. सिस्टर दरवर्षी एखादा आठवडा रजेवर जात, त्या आठवड्यांतल्या या चौघी. डॉक्टरबाईंना विचारलं तर त्या म्हणाल्या, "फोन करा. त्यांना तिकडे कुठेतरी दिलंही असेल. नसेल तर तपासणीला बोलवा. पण त्यांना खात्रीने काही सांगू नका, कारण खात्रीने आपल्याला माहीत नाही. नोंदी पुऱ्या करतोय म्हणा."

पहिलीला इंजेक्शन तिच्या माहेरच्या डॉक्टरने दिलं होतं. दुसरीच्या बाळाचाही गट निगेटिव्ह निघाला होता, म्हणजे प्रश्नच नव्हता. तिसरीला एकच मुलगा होता, पुढे नको म्हणाली, पण तपासून जाईन म्हणाली. माझा आवाज आता जरा मोकळा झाला होता. चौथी नांदेडकडच्या माहेराहून कधीच परत आलेली होती, आता सासरी, निलंग्याच्या बाजूला होती. "नोंदी पुऱ्या करतोय" असं सांगून मी पहिल्या बाळंतपणाबद्दल विचारलं. पहिली मुलगी, आता शाळेत जाते. त्या वेळी तीन दिवसांत कसली सुई दिली होती का?

"न्हाई. कसली?"

"आणि नंतर दुसरं मूल?"

मागे कुठेतरी भांडी घासल्याचा आवाज येत होता, तो थांबला.

"झालं व्हतं. पोरगा व्हता. ऱ्हायला न्हाई. कावीळ लई वाढली, दुसऱ्याच दिशी गेला." मग म्हणाली, "तुमी आता का इचारून राहिल्या हे?"

डॉक्टरबाईंनी सांगितलेलं वाक्य माझ्यासमोर कागदावर लिहिलेलं होतं. मला ते वाचता आलं नाही.

"पहिल्या वेळी आमच्याकडून तुम्हाला फोन यायला पाहिजे होता," मी म्हटलं. "रक्तगट निगेटिव्ह असला की एक सुई लागते. ती घेतली की पुढच्या लेकराला सहसा त्रास होत नाही. तुम्ही माहेरी गेलात आणि आमच्या यादीतून तुमचं नाव गेलं. ती यादी मी करत होते. त्यामुळेच तुमचं बाळ गेलं असं डॉक्टर छातीठोक सांगू शकत नाहीत. पण फोन यायला पाहिजे होता, तो आला नाही, ही चूक माझी आहे."

मी शिव्यांची वाट बघत होते. मला त्या हव्याच होत्या.

"म्हंजी माझ्यात खोट न्हाई?" ती म्हणाली.

"नाही. रक्तगट ही खोट नसते. दुसऱ्या कोणाचा जसा असतो तसा तुमचा."

"सासूबाई म्हनत्यात, हिच्या अंगातच इख हाय, लेकराला बाधतं. पाच वर्सं झाली म्हनत्यात." तिचा आवाज चढला नव्हता. "तुमी मला जे सांगितलं ना आत्ता, तेच त्यांना सांगता का? हितंच बसल्यात. फोन देऊ?"

"द्या," मी म्हटलं.

फोन एका हातातून दुसऱ्या हातात गेल्याची खरखर ऐकू आली. म्हाताऱ्या आवाजात कोणीतरी "कोन हाय?" विचारलं. मी नाव सांगितलं, दवाखाना सांगितला, आणि माझ्या चुकीपासून सुरुवात केली. त्यांना कमी ऐकू येत होतं. मी उठून उभी राहिले आणि परत पहिल्यापासून, मोठ्या आवाजात सांगितलं.